मोबाइलच्या लहरींतली शिखरं: ती का उभी राहतात, कशी उतरवतात

घरातला वाय-फाय, हातातला फोर-जी किंवा फाइव्ह-जी फोन आणि दूरदर्शनचं अँटेनावरून येणारं डिजिटल प्रक्षेपण, या तिन्हींच्या पोटात एकच तंत्र आहे. त्याचं नाव ओएफडीएम. माहिती एकाच वाहक लहरीवर न लादता शेकडो, कधी हजारो बारीक लहरींवर वाटून पाठवायची, हे त्याचं सूत्र. या तंत्रानं बिनतारी दळणवळणाचं रूप पालटलं, पण त्याच्याबरोबर एक जुनी खोडही आली. इतक्या लहरी एकत्र मिसळल्या की त्यांच्या बेरजेत मधूनच एखादं उंच शिखर उभं राहतं. ते क्षणाच्याही लहानशा अंशापुरतं टिकतं. पण त्याच्यासाठी ॲम्प्लिफायर मोठा घ्यावा लागतो, वीज जास्त जाळावी लागते, आणि टॉवरपासून दूर राहणाऱ्या माणसाचा फोन सर्वांत आधी अडखळतो.

हे शिखर येतं कुठून, किती वेळा येतं, त्याची अडचण नेमकी कुणाला होते आणि ते उतरवण्यासाठी अभियंत्यांनी कोणकोणत्या वाटा शोधल्या, हे इथे पायरीपायरीनं पाहू. गणित लागेल, पण बेरीज-गुणाकारापलीकडचं फारसं नाही.

एका लहरीवर का भागत नाही

टॉवरकडून निघालेली लहर फोनपर्यंत एकाच वाटेनं येत नाही. ती इमारतींवर, डोंगरांवर आपटते आणि तिचे प्रतिध्वनी मागून येतात. एक किलोमीटर जास्त फिरून आलेला प्रतिध्वनी मूळ लहरीच्या सुमारे ३.३ मायक्रोसेकंद मागे असतो. एकाच वाहकावर सेकंदाला एक कोटी संकेत पाठवले, तर प्रत्येकाच्या वाट्याला ०.१ मायक्रोसेकंद येतो. म्हणजे तो प्रतिध्वनी पुढच्या तेहेतिसाव्या संकेतावर जाऊन आदळणार आणि सगळा गुंता होणार.

ओएफडीएम हा प्रश्न संकेत संथ करून सोडवतं. फोर-जी एलटीईमध्ये शेजारच्या दोन उपवाहक लहरींत १५ किलोहर्ट्झचं अंतर असतं, आणि प्रत्येक उपवाहक आपला संकेत ६६.७ मायक्रोसेकंद धरून ठेवतो. त्याच्या आधी सुमारे ४.७ मायक्रोसेकंदांचा राखीव काळ असतो, त्यात प्रतिध्वनी विरून जातात. एकेक उपवाहक संथ असला तरी २० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात असे १,२०० उपवाहक एकाच वेळी चालतात, म्हणून एकूण वेग कमी होत नाही. वारंवारतांमधलं अंतर असं निवडलेलं असतं की एका संकेताच्या काळात प्रत्येक उपवाहकाची आवर्तनं पूर्ण संख्येत बसतात. त्यामुळे एकमेकांना खेटून असूनही ते एकमेकांत ढवळाढवळ करत नाहीत.

ही कल्पना बेल लॅब्जमधले रॉबर्ट चँग यांनी १९६६ मध्ये मांडली. तेव्हा तिची अडचण व्यवहारातली होती. प्रत्येक उपवाहकाला स्वतंत्र दोलक लागणार होता, आणि शेकडो दोलक एका यंत्रात बसवणं कुणाला परवडणार? १९७१ मध्ये वाइनस्टाइन आणि एबर्ट यांनी दाखवलं की हे सगळं काम फूरिए रूपांतराच्या आकडेमोडीनं करता येतं. पुढे ती आकडेमोड करणाऱ्या चिप स्वस्त झाल्या आणि ओएफडीएम प्रयोगशाळेतून घराघरांत आलं.

शिखर कसं उभं राहतं

आता चारच उपवाहक घेऊ. प्रत्येकाची शक्ती एक एकक. प्रत्येकावर +१ किंवा −१ असा एक संकेत चढवायचा. −१ म्हणजे तीच लहर उलट्या फेजमध्ये, जिथे माथा होता तिथे तळ.

चौघांची मिळून सरासरी शक्ती ४. संकेत कोणतेही असोत, हा आकडा बदलत नाही. आता चारही संकेत +१ असले तर सुरुवातीच्या क्षणी चारही लहरींचे माथे एका जागी येतात. उंची होते १+१+१+१, म्हणजे ४. शक्ती उंचीच्या वर्गाइतकी असते, म्हणून त्या क्षणी शक्ती १६. सरासरी ४ आणि शिखर १६, म्हणजे शिखर सरासरीच्या चौपट.

या गुणोत्तराला अभियंते पीएपीआर म्हणतात, म्हणजे शिखर-शक्ती भागिले सरासरी-शक्ती. उपवाहकांची संख्या जितकी, तितक्या पटींपर्यंत ते चढू शकतं. चारांचं चौपट, ६४ चं ६४ पट, एलटीईच्या १,२०० चं १,२०० पट. हे आकडे डेसिबेलमध्ये लिहायची रीत आहे. दुप्पट म्हणजे सुमारे ३ डेसिबेल, दहापट म्हणजे १०, शंभरपट म्हणजे २०. त्या हिशेबानं ६४ पट म्हणजे १८ डेसिबेल आणि १,२०० पट म्हणजे जवळपास ३१.

आता याच चार उपवाहकांवर +१, +१, +१, −१ असे संकेत चढवू. सरासरी तीच ४ राहते. पण सगळे माथे एका जागी येणारा क्षणच उरत नाही. पूर्ण आवर्तनभर हिशेब केला तर सर्वांत मोठी शक्ती सुमारे ७.०८ भरते, म्हणजे सरासरीच्या १.७७ पट. फक्त एक चिन्ह बदललं आणि चौपटीचं शिखर पावणेदोन पटींवर आलं. शिखराचा सगळा खेळ फेजच्या जुळण्यात आहे, आणि पुढचे बहुतेक उपाय याच निरीक्षणातून निघाले आहेत.

ते किती वेळा येतं

सर्वांत वाईट शक्यता प्रत्यक्षात कधी येते का? ६४ उपवाहक आणि प्रत्येकावर चारपैकी एक संकेत, अशा एकूण जुळण्यांची संख्या ३९ अंकी भरते. त्यातल्या ६४ पट शिखर देणाऱ्या जुळण्या फार तर १६. सेकंदाला लाखो संकेत पाठवत राहिलं तरी विश्वाच्या वयाइतक्या काळात त्यांची गाठ पडण्याची आशा धरू नये.

मग काळजी कशाला? कारण मधल्या उंचीची शिखरं भरपूर येतात. पुष्कळ स्वतंत्र गोष्टींची बेरीज घेतली की ती घंटेच्या आकाराच्या वितरणाकडे झुकते, हा संभाव्यतेचा नियम इथेही चालतो. त्यानुसार कुठल्याही एका क्षणी शक्ती सरासरीच्या दहापटीहून जास्त असण्याची शक्यता सुमारे २२ हजारांत एक. हे फार दुर्मीळ वाटतं. पण २० मेगाहर्ट्झच्या एलटीईमध्ये सेकंदाला लहरीचे ३ कोटी ७ लाख नमुने, म्हणजे क्षणोक्षणीच्या उंचीचे आकडे, बाहेर पडतात, म्हणजे १० डेसिबेलची रेषा सेकंदाला चौदाशेच्या आसपास नमुने ओलांडतात. एका संकेताच्या काळात सगळ्या उपवाहकांची मिळून होणारी लहर म्हणजे एक सिंबॉल. १,२०० उपवाहकांच्या दर शंभर सिंबॉलपैकी पाचांत तरी असं शिखर सापडतं.

इथे एक बारकावा आहे. वर +१, +१, +१, −१ च्या उदाहरणात आवर्तनाच्या ठरावीक चार क्षणांनाच शक्ती मोजली तर चारही वेळा ४ च भरते आणि शिखर अजिबात नाही असं वाटतं. ७.०८ चं शिखर त्या नमुन्यांच्या मध्ये लपलेलं असतं. संगणकातले नमुने विरळ असले तर अँटेनातून जाणारी खरी लहर त्यांच्या मधल्या जागेत उंच उठते. म्हणून पीएपीआर मोजताना नमुने निदान चौपट दाट घेतात.

अडचण कुणाला होते

शिखराचा फटका सर्वांत आधी पॉवर ॲम्प्लिफायरला बसतो. अँटेनाच्या आधीचा हा शेवटचा टप्पा, आणि यंत्रातली बरीचशी वीज तोच खातो. लहान लहरीला तो ठरावीक पटीत मोठं करतो. पण एका मर्यादेनंतर त्याची ताकद संपते आणि आत कितीही मोठी लहर दिली तरी बाहेर तेवढीच येते. शिखर या मर्यादेपलीकडे गेलं की त्याचा माथा चेपला जातो. चेपलेल्या लहरीत मुळात नसलेल्या वारंवारता उपजतात. काही आपल्याच पट्ट्यात राहून संकेत बिघडवतात, काही शेजारच्या पट्ट्यात सांडतात आणि तिथे दुसऱ्या कंपनीचे ग्राहक असतात. असं सांडणं नियमांना मान्य नाही.

म्हणून ॲम्प्लिफायर मर्यादेच्या बराच खाली चालवतात. घराचा वीजजोड घेताना मंजूर भार ठरवतात तसं हे आहे. महिन्याचा सरासरी वापर थोडका असतो, पण गीझर, पंप, इस्त्री आणि मिक्सर एकदम चालू होण्याच्या वेळेचा विचार करून वायर आणि एमसीबी निवडावे लागतात.

ॲम्प्लिफायरमध्ये हा राखीव वाव महाग पडतो. ए-वर्गातला ॲम्प्लिफायर लहर लहान असो वा मोठी, सारखीच वीज ओढतो. पूर्ण ताकदीला त्याची सैद्धांतिक कार्यक्षमता ५० टक्के असते आणि १० डेसिबेल खाली चालवला तर ती ५ टक्क्यांवर येते. बी-वर्गाची कमाल ७८.५ टक्के, ती १० डेसिबेल खाली साधारण २५ टक्क्यांवर येते. ४० वॅट सरासरी शक्ती पाठवणाऱ्या टॉवरचा विचार करा. शिखरांसाठी १० डेसिबेल वाव ठेवायचा तर ॲम्प्लिफायर ४०० वॅट पेलणारा हवा. तो आदर्श बी-वर्गाचा असला तरी सुमारे १६० वॅट घेणार आणि त्यातले १२० वॅट उष्णतेत जाणार. हाच वाव ७ डेसिबेलवर आणता आला तर ओढली जाणारी वीज ११५ वॅटच्या घरात येते. एका टॉवरवर असे अनेक ॲम्प्लिफायर दिवसरात्र चालतात, तेव्हा ३ डेसिबेलची ही बचत वीजबिलात, डिझेलमध्ये आणि पंख्यांच्या गरजेत उतरते.

वाव ठेवूनही कार्यक्षम राहणारे ॲम्प्लिफायर आहेत. विल्यम डोहर्टी यांनी १९३६ मध्ये रेडिओ प्रक्षेपकासाठी एक रचना केली. तिच्यात एक ॲम्प्लिफायर नेहमीची लहर सांभाळतो आणि दुसरा फक्त शिखरांच्या वेळी जागा होतो. आजचे मोबाइल टॉवर हीच रचना सर्रास वापरतात. तरीही शिखर जितकं खाली येईल तितकं या रचनेचंही काम हलकं होतं.

पहिली वाट: शिखर कापायचं

सर्वांत सरळ उपाय म्हणजे लहर ॲम्प्लिफायरकडे जाण्याआधीच आकड्यांत तिचे माथे छाटायचे. ठरलेल्या उंचीपलीकडचा प्रत्येक नमुना त्या उंचीवर आणायचा आणि त्याची फेज तशीच ठेवायची. ॲम्प्लिफायरनं चेपण्यापेक्षा हे बरं, कारण आकड्यांत छाटलेल्या लहरीतून शेजारच्या पट्ट्यात सांडणारा भाग गाळणीनं काढता येतो.

पण गाळणीतून गेल्यावर शिखर थोडं पुन्हा वर येतं. छाटल्यानं तयार झालेली टोकदार कड नव्या वारंवारतांनी बनलेली असते. त्या काढल्या की कड गोल होते आणि माथा परत फुगतो. म्हणून छाटणं आणि गाळणं आळीपाळीनं दोन-चार वेळा करतात. टॉवरवर याचीच सुधारलेली रीत असते. ज्या क्षणी शिखर दिसेल त्या क्षणी, पट्ट्यात नेमकी बसेल अशी आधीच तयार केलेली एक छोटी लहर उलट्या फेजमध्ये मिसळायची. त्यामुळे शिखर उतरतं आणि शेजारी काही सांडत नाही.

इथली किंमत म्हणजे आपल्याच संकेतात मिसळलेली चूक. ती कितपत चालेल हे मानकं ठरवून देतात. एका संकेताला जितके पर्याय, तितके त्याचे संकेतबिंदू. एलटीईच्या टॉवरसाठी ही मर्यादा चार संकेतबिंदूंच्या क्यूपीएसकेला १७.५ टक्के, सोळा बिंदूंना १२.५, चौसष्ट बिंदूंना ८ आणि २५६ बिंदूंना ३.५ टक्के आहे. बिंदू जितके दाट, तितकी थोडी चूकही एकाला दुसऱ्याच्या जागी ढकलते. म्हणून वेगवान जोडणीत छाटायला वाव कमी मिळतो, आणि नेमकी तिथेच वीज वाचवायची गरज मोठी असते.

दुसरी वाट: अनेकांतून एक निवडायची

शिखर फेजच्या जुळण्यातून येतं. मग तीच माहिती वेगवेगळ्या फेजमध्ये मांडून जी मांडणी सौम्य असेल ती का पाठवू नये? बॉइमल, फिशर आणि हूबर यांनी १९९६ मध्ये सुचवलेल्या सिलेक्टेड मॅपिंगमध्ये हेच करतात. फेज बदलण्याचे काही साचे आधी ठरवून ठेवायचे, प्रत्येक साच्यानं एकेक लहर तयार करायची आणि सर्वांत कमी शिखराची लहर हवेत सोडायची.

याचा फायदा संभाव्यतेच्या गुणाकारातून येतो. १० डेसिबेलवर जाणारा सिंबॉल शंभरात पाच असेल, तर चार स्वतंत्र मांडण्या सगळ्याच तितक्या वाईट निघण्याची शक्यता त्या आकड्याचा चौथा घात, म्हणजे एक लाख साठ हजार सिंबॉलमध्ये एक. संकेत जराही बिघडत नाही. पण फूरिए रूपांतर चार वेळा करावं लागतं, आणि कोणता साचा वापरला हे घेणाऱ्याला कळवायला प्रत्येक सिंबॉलमागे दोन बिट खर्च होतात. ते दोन बिट हवेत बिघडले तर सगळा सिंबॉल वाया जातो.

म्युलर आणि हूबर यांनी १९९७ मध्ये याला दुसरं वळण दिलं. उपवाहकांचे गट पाडायचे, प्रत्येक गटाची लहर एकदाच तयार करायची, आणि मग गटांच्या फेज फिरवून बेरीज पाहायची. चार गट आणि चार फेज असतील तर पहिला गट स्थिर ठेवून ६४ जुळण्या होतात. रूपांतरं चारच लागतात, पण शोध ६४ ठिकाणी आणि सांगायचे बिट सहा. गट वाढवले की शोध झपाट्यानं फुगतो. अभियांत्रिकीच्या असंख्य प्रकल्पांत हा शोध कमी कष्टात कसा करावा यावर काम होतं, ते याच कारणानं.

तिसरी वाट: थोडी जागा राखून ठेवायची

होसे टेलाडो आणि जॉन चॉफी यांनी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात स्टॅनफर्डमध्ये मांडलेली युक्ती साधी आहे. काही उपवाहकांवर माहिती ठेवायचीच नाही. प्रत्येक सिंबॉलच्या वेळी त्यांच्यावर असे आकडे चढवायचे की त्यांची मिळून होणारी लहर शिखराच्या जागी उलटी पडेल. घेणाऱ्याला एवढंच ठाऊक असावं लागतं की हे उपवाहक दुर्लक्षित करायचे. दर वेळी वेगळं काही कळवावं लागत नाही, आणि माहितीच्या उपवाहकांना धक्काही लागत नाही.

डिजिटल दूरचित्रवाणीच्या डीव्हीबी-टी२ मानकात ही रीत आहे. त्याच्या सर्वांत मोठ्या, ३२के पद्धतीत २७,२६५ उपवाहक असतात आणि त्यातले २८८ यासाठी राखता येतात. म्हणजे जागेची किंमत जेमतेम १ टक्का. याच मानकात दुसरीही एक सोय आहे. संकेतबिंदूंच्या नकाशात सर्वांत बाहेरचे बिंदू आणखी बाहेर सरकवले तरी घेणारा फसत नाही, उलट ते इतरांपासून दूर जातात. शिखर ज्या दिशेनं उतरेल त्या दिशेला हे बिंदू सरकवायचे. त्यात सरासरी शक्ती किंचित वाढते, एवढाच खर्च. प्रक्षेपण केंद्रावर आकडेमोडीला आणि विजेला तोटा नसतो, आणि एका प्रक्षेपकावर लाखो दूरचित्रवाणी संच अवलंबून असतात. म्हणून कष्ट पाठवणाऱ्यावर टाकणारी आणि घेणाऱ्याला मोकळं ठेवणारी ही वाट तिथे शोभते. दूरदर्शननं २०१६ मध्ये मुंबईसह १६ शहरांत डीव्हीबी-टी२ प्रक्षेपण सुरू केलं.

चौथी वाट: उंच शिखराची जुळणी वापरायचीच नाही

+१, +१, +१, −१ या मालिकेला एक जोडीदार आहे: +१, +१, −१, +१. पहिलीच्या लहरीची शक्ती ज्या क्षणी सरासरीच्या वर जाते, त्या क्षणी दुसरीची बरोबर तितकीच खाली येते. दोघींच्या शक्तींची बेरीज प्रत्येक क्षणी ८ च राहते. शक्ती ऋण नसते, म्हणून कुठल्याही एकीची शक्ती ८ च्या वर जाऊच शकत नाही. सरासरी ४ आणि कमाल ८, म्हणजे पीएपीआर कधीही दुपटीच्या, ३ डेसिबेलच्या पलीकडे जाणार नाही.

अशा पूरक जोड्या मार्सेल गोले यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस अवरक्त किरणांच्या वर्णपटमापकासाठी शोधल्या. त्यांचा सविस्तर निबंध १९६१ चा. तेव्हा ओएफडीएमचा जन्मही झाला नव्हता. उपवाहक चार असोत की चार हजार, गोले मालिका वापरली तर ३ डेसिबेलची हमी कायम राहते, यातलं सौंदर्य मला फार मोलाचं वाटतं. डेव्हिस आणि जेडवॅब यांनी १९९९ मध्ये या मालिका रीड-म्युलर या चूक-दुरुस्ती संकेतावलीत बसतात हे दाखवलं. त्यामुळे शिखर आवरणं आणि हवेतल्या चुका सुधारणं ही दोन्ही कामं एकाच रचनेत येऊ शकतात.

पण मोजणी केली की अडचण दिसते. ६४ जागा आणि +१, −१ ही दोनच चिन्हं घेतली तर डेव्हिस-जेडवॅब यांच्या रीतीनं ४६,०८० मालिका मिळतात. म्हणजे पूर्ण असे फक्त १५ बिट त्यातून जातात, एरवी त्याच जागेत ६४ गेले असते. उपवाहक वाढतील तशी ही तूट आणखी वाढते. म्हणून जिथे शेकडो उपवाहकांवर वेगानं माहिती धाडायची तिथे ही वाट बंद होते. मात्र आधीच ठरलेले संदर्भ-संकेत पाठवताना अशी निवड मोकळेपणानं करता येते. एलटीईच्या फोनकडून टॉवरकडे जाणाऱ्या संदर्भ-संकेतांत झाडॉफ-चू मालिका वापरल्या आहेत, त्यांची उंचीच मुळात स्थिर असते.

फोनची वेगळी वाट

आतापर्यंतचे बरेच उपाय टॉवरला किंवा प्रक्षेपकाला परवडणारे होते. फोनची स्थिती वेगळी आहे. त्याची कमाल सरासरी शक्ती साधारणपणे २३ डीबीएम, म्हणजे २०० मिलिवॅट. बॅटरी लहान, ॲम्प्लिफायर लहान. शिखरांसाठी तो ३ डेसिबेल खाली चालवावा लागला तर शक्ती निम्मी होते. अंतराच्या साडेतीनाव्या घातानं शक्ती घटते असं धरलं, तर तेवढेच ३ डेसिबेल परत मिळाल्यावर पोच सुमारे २० टक्क्यांनी वाढते आणि टॉवरनं व्यापलेलं क्षेत्र जवळपास दीडपट होतं. शिखराचा प्रश्न इथे माणसांच्या जोडणीचा होतो.

म्हणून थ्रीजीपीपी या मानक ठरवणाऱ्या संस्थेनं २००८ मध्ये पूर्ण झालेल्या एलटीईच्या पहिल्या आवृत्तीत फोनला शुद्ध ओएफडीएम दिलंच नाही. फोन आपले संकेत आधी एका फूरिए रूपांतरातून नेतो, मग ते उपवाहकांवर मांडतो आणि नंतर नेहमीचं उलट रूपांतर करतो. दोन रूपांतरं एकमेकांचा परिणाम बऱ्याच अंशी पुसतात. उपवाहकांची चौकट तशीच राहते, पण काळाच्या अक्षावर संकेत पुन्हा एकामागून एक जाऊ लागतात. शेकडो स्वतंत्र लहरींची बेरीज उरत नाही, म्हणून शिखर दोन-तीन डेसिबेलनं खाली येतं. याला एससी-एफडीएमए म्हणतात. फाइव्ह-जीमध्ये फोनला दोन्ही पर्याय आहेत. टॉवर जवळ असला आणि वेग हवा असला तर शुद्ध ओएफडीएम, टॉवर दूर असला तर ही दुसरी रीत.

भारतीय अभियंत्यांनी इथून पुढचं पाऊल टाकण्यात मोठा वाटा उचलला. आपल्याकडे फायबर ग्रामपंचायतीपर्यंत पोचतो आणि भोवतीच्या वाड्या-वस्त्या काही किलोमीटरवर विखुरलेल्या असतात. अशा ठिकाणी प्रत्येक वस्तीला टॉवर परवडत नाही. फाइव्ह-जीच्या ग्रामीण चाचणीच्या मूळ कसोट्यांत दोन टॉवरमधलं अंतर १,७३२ मीटर होतं. भारताच्या आग्रहामुळे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या कसोट्यांत ६ किलोमीटर अंतराची कसोटीही आली. ती पार करण्यासाठी आयआयटी हैदराबाद, आयआयटी मद्रास आणि चेन्नईच्या सीईडब्ल्यूआयटीमधल्या संशोधकांनी पाय-बाय-टू बीपीएसके या संकेतपद्धतीला वर्णपटाला आकार देणाऱ्या गाळणीची जोड दिली. या पद्धतीत प्रत्येक पुढचा संकेत ९० अंशांनी फिरवतात. त्यामुळे एका संकेताकडून दुसऱ्याकडे जाताना लहर कधी एकदम उलटी होत नाही आणि तिची उंची जवळपास समपातळीत राहते. ॲम्प्लिफायर आपल्या मर्यादेच्या अगदी जवळ चालवता येतो. काही पट्ट्यांत, ठरावीक अटींवर, या पद्धतीसाठी फोनला २३ ऐवजी २६ डीबीएमची, म्हणजे दुप्पट शक्तीची मुभा मानकात आहे. या विचारावर आधारलेल्या भारतीय फाइव्ह-जीआय मानकाला फेब्रुवारी २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय संघाच्या शिफारशीत स्थान मिळालं, आणि पुढे ते थ्रीजीपीपीच्या सतराव्या आवृत्तीत विलीन झालं.

स्वतः करून पाहण्यासाठी

हा विषय समजण्याचा सर्वांत चांगला मार्ग प्रयोगाचा. त्याला महागडं उपकरण लागत नाही, संगणकावर मोफत मिळणारं ऑक्टेव्ह हे आकडेमोडीचं सॉफ्टवेअर पुरेसं आहे. क्यूपीएसकेचे ६४ यादृच्छिक संकेतबिंदू घ्या. त्यांच्या मधोमध १९२ शून्यं भरून लांबी २५६ करा, म्हणजे नमुने चौपट दाट होतील. उलट फूरिए रूपांतर करा, प्रत्येक नमुन्याच्या उंचीचा वर्ग घ्या आणि सर्वांत मोठ्याला सरासरीनं भागा. हे दहा हजार वेळा करून किती सिंबॉल १० डेसिबेलच्या वर गेले ते मोजा. शंभरात एकाहून कमीच सापडतील. शून्यं न भरता मोजलं तर आकडा आणखी घटून दर हजारी दोन-तीनांवर येईल, म्हणजे नमुन्यांमध्ये लपलेली शिखरं निसटलेली दिसतील.

मग एकेक उपाय लावा. माथे ६ डेसिबेलवर छाटा, पट्ट्याबाहेरचा भाग गाळा आणि शिखर किती परत उगवतं ते पाहा. त्याच वेळी संकेतबिंदू आपल्या जागेवरून किती हलले तेही मोजा. चार साच्यांतून निवड करा आणि १० डेसिबेलच्या वर जाणारे सिंबॉल किती घटतात ते तपासा. तीन उपवाहक राखून ठेवा. आधी फूरिए रूपांतर करून फोनची वाट चालून पाहा.

प्रत्येक प्रयोगाबरोबर वहीत दोन आकडे लिहावेत: शिखर किती उतरलं आणि त्यासाठी काय दिलं. छाटणीत अचूकता दिली, निवडीत आकडेमोड आणि काही बिट दिले, राखीव उपवाहकांत जागा दिली, गोले मालिकांत वेग दिला, फोनच्या रीतीत मांडणीचं थोडं स्वातंत्र्य दिलं. फुकट उतरणारं शिखर यात कुठेही नाही. म्हणूनच या क्षेत्रातला कोणताही नवा निबंध हाती आला की पहिल्या आलेखावर थांबू नये. ही किंमत कोणाच्या खात्यातून जाते, टॉवरच्या, प्रक्षेपकाच्या की वस्तीच्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाच्या फोनच्या, हे आधी विचारावं. उपायाचा कस त्या उत्तरावर लागतो.